एकशे सतरा नंबरचा बिल्ला

कॉर्बेल,
शुक्रवार, १२ फेब्रुवारी

प्रिय रेमो,

'प्रिय' हा शब्द सवयीने पडलाय. पत्र सुरू करायची दुसरी रीत मला कुणी शिकवली नाही, म्हणून तो खोडत नाही. तू त्याचा फार अर्थ लावू नकोस. हे पाकीट हॉटेलात फर्नकडे ठेवते आहे, खोलीची किल्ली देताना ती तुला देईल. जेवायच्या आधी वाच. आज तिथे पेस्टी आहेत, आणि बटाटा-मटण भरलेली आमची पेस्टी तुला अजून स्वप्नात दिसते असं तूच लिहिलं होतंस. पत्र वाचून घास उतरला नाही, तर माझी काही हरकत नाही.

गावाचं बरं चाललंय. चर्चच्या हॉलला नवं छप्पर घातलं. मी मागच्या वर्षी निवृत्त झाले. खिंडीतला बर्फ काढायची गाडी सत्तावीस वर्षं चालवली, आता चालवते ती फक्त चुलीपुढची आरामखुर्ची. उद्याची तयारी जोरात आहे. नाव नोंदवलेले चाळीस लोक आहेत, त्यात तुझा मुलगा, सून, दोन नाती. सकाळी दहाला फळ्यापाशी जमायचं, बुटांना काटे चढवायचे आणि लेडी अ‍ॅम्ब्रोज खाणीपर्यंत चालत जायचं. 'डेन्झिल ट्रेविन हिवाळी वाट.' माझ्या भावाच्या नावाची वाट, तुझ्या खटपटीने झालेली. यंत्रघराच्या दाराशी तू पाटीवरचं कापड ओढायचंस आणि भाषण करायचंस. तुझं पत्र नोव्हेंबरात आलं तेव्हा मी दोनदा वाचलं आणि रडले. सगळ्याला हो म्हटलं. उद्या लोकांना बिल्ले मीच वाटीन असंही कळवलं. तुला वाटलं असेल, वेना निवळली. निवळले होते. नोव्हेंबरात.

तुला फळ्याची आठवण करून द्यायला नको. पण उद्या तुझ्या नातींना मलाच समजावून सांगावं लागेल, तर तालीम म्हणून लिहिते. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला, त्यावर त्याचा नंबर. उतरताना फळ्यावरून काढून न्यायचा, वर आलं की आपल्या खिळ्याला लावायचा. पाळी संपली आणि एखादा खिळा रिकामा दिसला, की आत माणूस अडकला आहे, घंटा वाजवा. खाण बंद पडली तेव्हा सगळ्यांनी सगळं सोडून दिलं, फळा मात्र सोडला नाही. तो खाली आणून वाटेच्या तोंडाशी दुकानाच्या ओसरीवर ठोकला. हिवाळ्यात वर जाणारा प्रत्येक माणूस, मग तो ससे मारायला जावो की उगाच हिंडायला, आपल्या घरचा बिल्ला घेऊन जाणार आणि आल्यावर लावणार. दुपारी चारला खिळा रिकामा असेल तर घंटा. बिल्ला जागेवर, म्हणजे माणूस खाली. या एका वाक्यावर आमचं गाव पिढ्यान् पिढ्या निवांत झोपलं. फळ्याची राखण बाबांकडे होती. सकाळी बिल्ले ते स्वतःच्या हाताने देत. खाणीतल्या शेवटच्या पाळीचे राखणदार तेच होते, आणि हेडली ट्रेविनच्या हातून बिल्ला चुकला असं सव्वीस वर्षांत घडलं नव्हतं.

त्या वर्षीही फेब्रुवारीतला दुसरा शनिवार होता. चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळी सहाला गावजेवण होतं आणि त्यात तू उभा राहून आपलं लग्न जाहीर करणार होतास. मी बावीस वर्षांची होते, निळा झगा शिवला होता आणि तीन दिवस केसांना कुठलं तरी तेल चोपडत होते. सकाळी तू आणि डेन्झिल वर निघालात. यंत्रघरातल्या मोठ्या चाकाशी एक जुना कंदील टांगलेला होता, तो त्याला आपल्या लग्नात द्यायला हवा होता. मी दारातून ओरडले, "कंदील राहू दे रे, नवराच परत आण म्हणजे झालं!" तो म्हणाला, "नवरा काय, तो जेवणाच्या वासाने आपोआप येईल." आणि तू आलासही. दुपारी साडेतीनला ओसरीवर तुझ्या बुटांचे काटे वाजले. डेन्झिल मागे दहा मिनिटांवर आहे, तो कंदील सोडवतोय, असं तू जाता जाता मला सांगितलंस. चारला बाबांनी बाहेर येऊन फळा पाहिला. सगळे खिळे भरलेले. डेन्झिलचा एकशे सतरा जागेवर. बाबा दार ओढून दाढी करायला घरी गेले.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्या बाजूने. आता माझ्या बाजूने ऐक. डेन्झिल जेवणाला आला नाही तेव्हा कुणीही घाबरलं नाही. बिल्ला होता ना. पास्को मावशी म्हणाली, "बहिणीचं लग्न ठरतंय, तो कुठंतरी पीत बसला असेल." रात्री दहानंतर वादळ सुरू झालं. रविवारी सगळं गाव त्याला खाली शोधत होतं. दारूचे गुत्ते, बसचा थांबा, तिकडे खोऱ्यातल्या त्याच्या मैत्रिणीचं घर. वर कुणी बघितलंसुद्धा नाही, कारण बिल्ला जागेवर होता. सोमवारी सकाळी तो खाली कुणालाच दिसलेला नाही हे नक्की झालं, तेव्हा लोक फळ्यापुढे जमले आणि कुणीतरी तुला विचारलं, की तो खाली उतरला नसेल तर हा बिल्ला इथे कसा? तू खाली बघत म्हणालास, "काकांनी मला एकच दिला होता."

ते चार-पाच शब्द मी किती वेळा मनात फिरवलेत म्हणून सांगू. बाबांचं तोंड मला अजून दिसतं. ते म्हणाले, "दोन दिले रे. तुझ्या मुठीत दोन ठेवले." तू नुसती मान हलवलीस, फार दुःखी, फार समजूतदार. आणि बाबा आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. तासाभराने माणसं वर निघाली, पण दुसऱ्या वळणावर हिमकडा कोसळून वाट बंद झाली होती. जूनमध्ये बर्फ वितळल्यावर डेन्झिल यंत्रघराच्या खालच्या घळीत सापडला. लोकांनी ठरवलं, उतरताना पडला असेल, त्याच दिवशी गेला असेल. चूक हेडलीची. स्वतःच्या पोराला बिल्ला द्यायला विसरला.

बाबांना कुणी मारलं नाही, वाळीत टाकलं नाही. आमच्याकडे तसं करत नाहीत. एवढंच झालं, की फळ्याची किल्ली परत मागितली. आणि एकदा दुकानात, भर गर्दीत पास्को मावशी म्हणाली, "हेडली, डोक्याचं खरं नव्हतं तर फळा आधीच सोडायचा होतास." बाबा म्हणाले, "हो ना बाई." त्यानंतर ते दुकानात गेले नाहीत. घरात बसून ते सकाळच्या वेळी टेबलावर दोन बटणं ठेवायचे, उचलायचे, दुसऱ्या तळहातावर ठेवायचे, मोजायचे. एक, दोन. पुन्हा उचलायचे. नऊ वर्षं हे चाललं, मग ते गेले. शेवटच्या आठवड्यात मला म्हणाले, "पोरी, मला अजून दोनच आठवतात. पण तो खोटं कशाला बोलेल?"

आणि आता सगळ्यात वाईट गोष्ट सांगते, ती तुझी नाही, माझी आहे. मी बाबांशी अकरा महिने बोलले नाही. त्यांच्या पुढ्यात ताट आपटायची. कारण तू उन्हाळ्यात माझ्याशी ठरलेलं मोडलंस आणि म्हणालास, "वेना, तुझ्या घरात पाय ठेवला की मला तो फळा दिसतो गं." मला वाटलं, बाबांच्या एका चुकीपायी माझा भाऊ गेला, आणि तूही गेलास. तू डेन्व्हरला गेलास, तिथे मोठा झालास, आणि मी घरात बसून एका निरपराध म्हाताऱ्याला शिक्षा करत राहिले. तुझ्या वतीने. पगार न घेता.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी वाटेची पाहणी करायला वर गेले. सोबत ओडेट होती. पडक्या इमारती सावरायचं काम तिच्याकडे आहे, बाहेरगावची, कष्टाळू पोर. शून्याखाली अठरा होतं. पहिल्या वळणावर झरा वाटेवरून वाहत गोठलाय, वीस-पंचवीस पावलं निळा, गुळगुळीत बर्फ, आणि उजवीकडे सरळ दरी. तिथे आता दोर बांधला आहे. मी तरी काटे रुतवून, एकेक पाय ठोकत गेले. पुढे रोपवेचे खांब. त्यातल्या तिसऱ्यावर लोखंडी डबा अजून लटकतो आणि वाऱ्यावर कुरकुरतो. कामगारांची बराक पार बसली, फक्त चुलीचं धुराडं उभं आहे. त्या बराकीत आपण दोघं एकदा पावसात अडकलो होतो, आठवतं का? मला आठवलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं. एकसष्टाव्या वर्षी तुझ्या आठवणीने बरं वाटून घेत मी ती शेवटची चढण चढले. त्याचा मला आता सगळ्यात जास्त राग येतो.

यंत्रघराचं छप्पर डेन्झिल गेला त्याच वसंतात बर्फाच्या भाराने आत पडलं होतं. जूनमध्ये घळीत माणूस सापडल्यावर त्या ढिगाऱ्यात डोकावायचं कुणाला कारण नव्हतं. या हिवाळ्याआधी ओडेटच्या माणसांनी पत्रे काढले, बॉयलरमागची भिंत मोकळी केली. चुना लावलेली भिंत, पत्र्यांच्या आड कोरडी राहिलेली. ओडेट दिवा धरून म्हणाली, "मावशी, जुन्या कामगारांनी इथे काहीतरी खरडलंय बघा. तुम्हाला वाचता येतंय का?" जळक्या लाकडाने लिहिलेलं होतं, जमिनीपासून हातभर उंचीवर, बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथे. सातच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ. आमच्या घरात अशी रेघ एकटा डेन्झिल मारायचा, शाळेत मार खाऊनही. मी ते जसं आहे तसं उतरवून आणलंय.

"शनि. ३. फळी तुटली, पाय मोडला. दोन्ही बिल्ले आर. कडे. ४ ला घंटा होईल."
"५. घंटा नाही. आर. ला आठवेल."
"७. जेवणं चालू असतील. वेना दिसली की आर. सगळं विसरतो. कंदील मिळाला."
"रवि. बर्फ. शेकोटी चालू आहे. आर. येईल."
"सोम. सकाळ. लाकूड संपलं. खाली सरकतो."

सोमवार, रेमो. सोमवारी सकाळी तो जिवंत होता. तू फळ्यापुढे उभा राहून "एकच दिला" म्हणत होतास तेव्हा तो मोडका पाय ओढत घळीच्या दिशेने सरकत होता. मी ओडेटला म्हणाले, "जुनं आहे, पोरी. पुसू नकोस, काच बसवून घे." मग बाहेर आले आणि त्या उजाड बराकीच्या धुराड्याला बूट फुटेस्तोवर लाथा घातल्या. ओडेटला वाटलं मला थंडी वाजतेय. तिने मला कॉफी दिली.

तेव्हापासून मी ते जेवण पुन्हा पुन्हा जेवते आहे. तू माझ्या डावीकडे होतास. तुझ्या आईने मक्याचा पोलेंटा आणला होता. मी तुला दुसरा केशरी पाव वाढला आणि तू हसत हसत खिशात हात घातलास, रुमालासाठी असेल. तुझा हात तिथेच राहिला. आता मला कळतं काय झालं. हातमोजे काढताना पडतात म्हणून दोघांचे बिल्ले एकाच कडीत, एकाच्याच खिशात न्यायची तुमची जुनी खोड. बाबा त्यावरून तुम्हाला किती रागवायचे. दुपारी तू घाईत दोन्ही काढून दोन खिळ्यांना लावलेस, हाताच्या सवयीने. आणि जेवताना, रिकाम्या कडीला बोट लागल्यावर, तुला ते आठवलं. तू म्हणालास, "जरा हवा खाऊन येतो." पाच मिनिटांनी आलास, कान लाल झालेले. फळा बघून आला होतास ना? साडेसहा वाजले होते. आकाश स्वच्छ होतं. त्या हॉलमध्ये चाळीस गडी बूट घालून बसले होते. तुला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. तू खुर्ची ओढलीस, उभा राहिलास, आणि वेना ट्रेविनशी मी लग्न करणार आहे, असं जाहीर केलंस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

बिल्ला चुकून लागला हे मी तुला केव्हाच माफ केलं असतं. हात चुकतो. जेवताना धीर झाला नाही, हेही कदाचित माफ केलं असतं, रडून-भांडून, दहा वर्षांनी. भित्रा माणूस मला चालला असता. पण सोमवारी तू घाबरून बोलला नाहीस, तू विचार करून बोललास. दोष ठेवायला जागा हवी होती, म्हणून तू म्हाताऱ्याच्या हातावर तो ठेवलास, आणि त्याला दोनच आठवतात हे ऐकूनही उचलला नाहीस. आणि आता पाटीवर काय लिहून घेतलंस? 'फळ्यावरच्या एका चुकीमुळे डोंगरात राहून गेलेला आमचा मित्र.' लोखंडात ओतलंस. म्हणजे बाबांचा खोटा दोष त्यांच्या पोराच्या नावाखाली कायमचा, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. तो मजकूर तू मला आधी दाखवलास, आणि मी मूर्खासारखं 'छान आहे' म्हणून कळवलं. मला तुझा राग येतो, रेमो. इतका येतो की सकाळी उठल्यावर आधी तो येतो आणि मग मी उठते. तू म्हातारा झालास, तुला नाती आहेत, तू चर्चला देणगी देतोस, यातल्या कशानेही तो कमी होत नाही. मी करून बघितलं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. काही न सांगता तुला उद्या त्या दारातून आत नेता आलं असतं, पण मग तू चकित झाला असतास, आणि चकित झालेल्या म्हाताऱ्याची लोकांना कीव येते. मला कीव नको. तुला आजपासून माहीत असावं, सगळी चढण चढताना माहीत असावं, नाती तुझा हात धरून "आजोबा, डेन्झिल कसा होता?" विचारतील तेव्हाही माहीत असावं. मी कुणालाही सांगितलेलं नाही. यंत्रघराचं दार उघडं असेल, बॉयलरमागे दिवा लावलेला असेल, आणि भाषणाच्या जागी तू ती भिंत वाचायची आहेस, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, आणि 'आर.' म्हणजे कोण ते सांगायचं आहे, आणि बाबांनी किती बिल्ले दिले होते तेही. मोठ्याने वाच, पास्को मावशीला हल्ली ऐकू येत नाही आणि तिला बर्फावरच्या गाडीत घालून मी मुद्दाम वर आणवते आहे. आज रात्रीच निघून जायचं असेल तर खिंड खुली आहे, मी आजच चौकशी केली. गेलास तर मी वाचेन, तुझ्या मुलासमोर, आणि माझ्या वाचण्यात तुझ्यासाठी एकही सबब नसेल. राहिलास तर तुझी तू सांग. तुझ्या पत्रात शेवटी होतं, की गुडघे गेलेत, झऱ्यावरच्या बर्फाची भीती वाटते, वेना, तिथे हात देशील का? देईन. त्या वीस-पंचवीस पावलांत तुझा दंड मी दोन्ही हातांनी धरीन, आणि तुझा पाय तसूभरही सरकू देणार नाही. तू मला त्या भिंतीपुढे धडधाकट उभा हवा आहेस.

तुझी होता होता राहिलेली,
वेना